साहेब मीटिंगमध्ये नाहीत

माझ्या आईची आणि आमच्या घरमालकीणबाईंची ओळख फोनवर झाली, आणि ती काही फार गोडीत झाली नाही. मी तेव्हा तळेगावातल्या एका कॉलेजात नव्यानं शिकवायला लागले होते. परंदवडी आणि घोरावाडी स्टेशनच्या मधल्या एका वस्तीत बाईंच्या घरातली पुढची खोली घेऊन राहत होते. आईनं एका स्थळाविषयी सकाळपासून फोनचा सपाटा लावला होता. शेवटी मी मोबाइल बाईंच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, मी घरात नाही म्हणा. बाईंनी फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि रेडिओवर शोभेल अशा आवाजात म्हणाल्या,

"नमस्कार. तुमची मुलगी घरातच आहे. माझ्यासमोर उभी आहे. पण तिला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही. काही निरोप?"

आई दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून येऊन दारात उभी. बाईंनी तिला चहा दिला, भजी दिली आणि वर सांगितलं, "मुलीला स्थळ पसंत नाही. मलापण फोटो बघून नाही आवडला." आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण ते स्थळ तिथंच बारगळलं. त्याबद्दल मी बाईंची आजही ऋणी आहे.

बाईंची सगळी नोकरी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली होती. ती कंपनी केव्हाच बंद पडली, तिच्या जागेवर गोदामं उभी राहिली. पण वस्तीतली माणसं त्यांना अजून 'ऑपरेटरबाई'च म्हणत. वडील रेल्वेत गँगमन. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि त्या दीक्षेचा अर्थ वडिलांनी 'पोरीनं शिकायचं' असा सरळ लावलेला. ते लहानपणी बाईंना रोज संध्याकाळी विहारात उभं करून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लावत. शब्द चघळला की म्हणत, "गिळू नकोस, मागच्या भिंतीपातुर जाऊ दे." पुढं ह्या आवाजावरच बाईंना नोकरी मिळाली.

बाईंना दोन आवाज होते. एक घरचा, मावळातला. त्यात त्या भांडत, हसत, कोंबड्या हाकलत. दुसरा फोनचा; स्वच्छ, शांत, इस्त्री केलेला. फोन वाजला की आवाज बदलताना त्यांची पाठसुद्धा ताठ व्हायची. सवयी सगळ्या ऑपरेटरच्याच राहिल्या होत्या. दार वाजलं की आतून विचारत, "कुणाशी बोलायचंय?" दूधवाल्याला, मांजराला, शिट्टी देणाऱ्या कुकरला, सगळ्यांना एकच, "होल्ड करा!" भांडण हाताबाहेर चाललं की "मी लाइन कट करते" म्हणून खरोखर दार लावून घेत आणि पाच मिनिटांनी उघडून विचारत, "हां, कुठं तुटली होती?"

पण वस्तीत त्यांचा धाक होता तो वेगळ्याच गोष्टीचा. निवृत्त झाल्या त्या दिवशी बाईंनी ठरवलं होतं की आता दुसऱ्याच्या वतीनं खोटं बोलायचं नाही.

"जन्मभर एकच वाक्य बोलले गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब म्होरं बसून कलिंगड खात्यात, बिया टेबलावर थुकत्यात, आन मी म्हणती, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सोताचं खोटं बोलायची वेळ आली तर बघू. पर दुसऱ्याचं? आता न्हाई."

हे व्रत त्यांनी इतकं कडक पाळलं की लोकांचे हाल झाले. शेजारचे आबा शेतकरी गडी, जमीन-जुमला राखून असलेले. त्यांचे मेहुणे वसुलीला आलेल्या सावकारासारखे ठाण मांडून बसत, म्हणून ते आले की आबा मागच्या दारानं बाईंच्या पडवीत येऊन बसायचे. एकदा मेहुण्यांनी विचारलं, "आबा दिसले का?" बाई म्हणाल्या, "दिसले की. माझ्या पडवीत बसलेत. तुमी गेल्यावर येतील." आबा तोंड लपवत बाहेर आले आणि पुढं महिनाभर बाई दिसल्या की आभाळाकडं बघायचे. तरी राग टिकायचा नाही, कारण वस्तीत कुणाला काही खरं जाणून घ्यायचं असलं की ते बाईंकडंच यायचे. पोराला डॉक्टरनं काय सांगितलं ते बाईंनीच नीट समजावून सांगावं. साडी अंगावर शोभते का, हेही बाईंनाच विचारावं, मात्र मन घट्ट करून.

विहारातला लाउडस्पीकरही बाईंच्याच ताब्यात होता. पाण्याचा टँकर आला, लसीकरण आहे, कुणाची शेळी सापडली आहे, सगळं त्या फोनच्या आवाजात सांगत. शेळी सापडल्याचं त्या असं सांगत की शेळीला स्वतःलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटावं.

ती मालिका मीच त्यांच्या घरात आणली. कुठल्याशा परक्या देशात अणुभट्टी फुटते आणि सरकार ते झाकत राहतं, अशी गोष्ट. हिंदीत डब केलेली. माझ्या कॉलेजात सगळे तिच्याविषयी बोलत होते, म्हणून एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ती बाईंच्या टीव्हीवर लावली. बाई, मी आणि आबा. आबांना वाटलं लढाईचा सिनेमा असेल. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यात हिरवीन कोन?" आणि उत्तर यायच्या आत झोपले.

बाई मात्र खुर्चीच्या कडेला आल्या. पडद्यावर मोठमोठे अधिकारी बंद खोलीत बसून एकमेकांना सांगत होते की काहीच झालेलं नाही, लोकांत घबराट नको. बाईंनी रिमोट मागितला.

"थांबव. ह्यो टकला खोटं बोलतोय. आन त्याला म्हाईत हाय."

"हो, बाई. तीच तर गोष्ट आहे."

"न्हाई, पर त्याच्या शेजारचा बघ. त्याला म्हाईत न्हाई, पर त्यो इचारत न्हाई. त्यो जास्त बेकार."

अशी दर पाच मिनिटांनी मालिका थांबायची. पुढं एका भागात टेलिफोन एक्स्चेंज आलं. ओळीनं बसलेल्या मुली, आणि त्यांच्या मागं येऊन उभा राहिलेला एक माणूस. तो हळू आवाजात काहीतरी सांगतो आणि एक मुलगी गावाबाहेरच्या लाइनी बंद करते. पडद्यावर ते जेमतेम क्षणभर दिसलं. गोष्ट पुढं गेली, रुग्णालयं आली, रणगाडे आले. बाईंनी रिमोट घेऊन मागं नेलं आणि तेच पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

"हिचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"ह्या पोरीचं."

"ती परत दाखवलीच नाही."

"न्हाईच दाखवनार," बाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आबांना उठवलंसुद्धा नाही. पुढचे भाग त्यांनी पाहिले, पण न बोलता. आणि अधूनमधून, मी कॉलेजातून येते तो टीव्हीवर तोच प्रसंग थांबवून ठेवलेला दिसायचा. त्या मुलीचा हात तारेवर, मागं तो माणूस. मी विचारायची नाही. बाईंना विचारलं तर त्या खरं सांगतील, याचीच मला थोडी भीती वाटायची.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, वस्तीत वास सुटला.

वस्तीच्या खालच्या अंगाला एक शीतगृह होतं. भाजीपाला, फुलं, मटार ठेवायचं. आधी वाटलं कुणाचा गोठा तुंबला असेल. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. शीतगृहात काम करणारी दोन माणसं तोंडाला फडकी लावून वरच्या बाजूला पळताना दिसली. बायका पोरांना घेऊन दारात आल्या. कुणी म्हणे आग, कुणी म्हणे औषध फवारतायत. बाई पदर नाकाला लावून विहाराकडं निघाल्या, मी त्यांच्या मागं.

आम्ही पोचतो तो शीतगृहाचा मॅनेजरही तिथं आला. तिशीचा मुलगा, नेहमी नीटनेटका. आज शर्ट घामानं चिकटलेला, डोळे लाल. तो माइककडं हात करून म्हणाला, "बाई, बरं झालं भेटलात. जरा अनाउन्स करा ना. घाबरण्यासारखं काही नाही. साफसफाई चालू आहे, त्याचा वास आहे. सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घरात बसावं. तुमचा आवाज ऐकला की लोक शांत होतात."

बाईंनी विचारलं, "कसली साफसफाई?"

"म्हणजे… अमोनियाची लाइन आहे, थंड करायच्या गॅसची. गळती किरकोळ आहे."

"बंद झाली?"

"होतेय."

"झाली का होतीय?"

तो खोकला. मग म्हणाला, "बाई, मला वरून असंच सांगायला सांगितलंय. घबराट झाली तर चेंगराचेंगरी होईल."

"तुमची मानसं कुटं हायत?"

"बाहेर काढलीत सगळी."

"तुमची भाईर, आन आमी दारं लावून आत?"

त्या मुलानं मान खाली घातली. तो काही वाईट मुलगा नव्हता. मला वाटलं बाई आता फाडकन काही बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी माज्या मागं उभं राहू नका, बाळ. बाजूला व्हा."

त्यांनी माइक चालू केला आणि सवयीनं पाठ ताठ केली. "नमस्कार," त्या म्हणाल्या, त्या फोनच्या आवाजात. "सर्व रहिवाशांना…" आणि थांबल्या. दारातून दिसत होतं, बायका जिथल्या तिथं उभ्या राहून निवांत ऐकत होत्या. तो आवाज ऐकून त्यांचे चेहरे सैल पडले होते. शेळी सापडली असेल, टँकर आला असेल.

बाईंनी श्वास घेतला आणि आपल्या घरच्या आवाजात, कोंबड्या हाकलायच्या आवाजात ओरडल्या,

"अगं ऐका! आबा, ऐका! गॅस सुटलाय! कोल्डस्टोरेजचा गॅस सुटलाय, अजून बंद झालेला न्हाई! घरात बसू नका. फडकं वलं करा, नाकाला लावा, पोरं उचला आन स्टेशनाकडं चला. वारं स्टेशनाकडनं येतंय, तिकडं गॅस यायचा न्हाई. खाली वढ्याकडं कुनी जाऊ नका. पळू नका, पर थांबू बी नका. म्हातारी मानसं एकटी सोडू नका. काय घ्यायला घरात परत जाऊ नका!"

वस्ती हलली. बाई तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मी फायर ब्रिगेडला फोन लावला. कुठं, काय सुटलंय, हे त्या मॅनेजरनंच माझ्या हातून फोन घेऊन नीट सांगितलं. आता त्याला कुणी 'वरून' काही सांगत नव्हतं, का त्यानं ऐकायचं सोडलं होतं, मला माहीत नाही. पुढच्या क्षणी तो आपल्या गाडीत दोन म्हाताऱ्या बसवून स्टेशनकडं निघाला होता.

आबा म्हैस सोडून यायला तयार नव्हते. बाईंनी माइकवरूनच सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा गोठ्यात बसलेत, म्हशीच्या मागं. कुनीतरी दोघांनाबी घिऊन या." आले. दोघंही.

आम्ही दोघी शेवटी निघालो तेव्हा माझे डोळे इतके झोंबत होते की बाईंनीच माझा हात धरला होता.

घोरावाडीच्या फलाटावर सगळी वस्ती जमली होती. ओली फडकी, रडणारी पोरं, आबांची म्हैस फलाटाच्या उताराशी बांधलेली. बायका घरवार माणसं मोजत होत्या. एका सुनेची सासू दिसेना. मग ती मॅनेजरच्या गाडीतून उतरली, वर गाडी थंडगार होती म्हणून कौतुक करत. लोक हसले. तेव्हा कळलं की सगळे आले आहेत, कुणी मागं राहिलेलं नाही. काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, डोळ्यांना, छातीला त्रास झाला होता, पण संध्याकाळपर्यंत तेही परतले. पुढं चौकशी झाली, शीतगृह बरेच दिवस बंद राहिलं, नव्या लाइनी टाकल्या, मोठा भोंगा बसवला. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी फक्त एवढंच पाहत होते की उन्हात एवढी माणसं उभी आहेत आणि सगळी श्वास घेतायत.

एक लेकुरवाळी येऊन बाईंच्या पाया पडायला वाकली. बाई एकदम मागं सरकल्या.

"नगं, नगं. मला नगं पाया पडू." आणि त्या फलाटाच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. मी काही विचारलं नव्हतं. त्याच बोलायला लागल्या.

"कंपनीत एकदा वाफेची लाइन फुटली व्हती. इंदुरीचा एक फिटर भाजला. दवाखान्यात नेला. तासाभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. कुटनं तरी दुकानातनं. भोंगा ऐकला म्हणली, आमचं मालक बरं हायत ना? साहेब माज्या खुर्चीमागं उभे. हळूच म्हणले, सांगा, कामावर हाय, संध्याकाळी येईल. बाहेर बोंब व्हायला नको." बाई समोर रुळांकडं बघत होत्या. "मी सांगितलं. ते कामावर आहेत, संध्याकाळी घरी येतील. एवढंच. लाइन कट केली. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यो गेला. ती बाय चुलीपाशी वाट बघत बसली आसंल गं. माज्या आवाजावर इस्वास ठिवून."

"तुम्ही कधी गेला नाहीत तिच्याकडं?"

"कोन्त्या तोंडानं?"

मी म्हणाले, "आज ज्या तोंडानं बोललात, त्यानं."

पुढच्या रविवारी सकाळी बाई आवरून, पांढरी साडी नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "गाडी काढ," माझ्या स्कूटरकडं बोट करून म्हणाल्या. "इंदुरीला जायाचंय."

घर शोधायला वेळ लागला नाही. फिटरचं नाव आणि आडनाव बाईंना पाठ होतं. किल्ल्याच्या अलीकडं, बोळातलं बसकं घर. दारात एक मावशी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होत्या. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मी त्यांना कधी बोलताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं.

"मी… कंपनीत ऑपरेटर व्हते. तुमचा फोन आला व्हता. त्या दिशी. मी तुमाला खोटं सांगितलं."

मावशींनी सूप खाली ठेवलं.

"तुमी व्हय त्या?" मग म्हणाल्या, "खोटं सांगितलं, त्ये मला तवाच कळलं व्हतं."

"कसं?"

"तुमी ताई म्हणला मला."

बाईंना काही उमगेना.

"तुमी म्हणला, 'ते कामावर आहेत, संध्याकाळी घरी येतील, ताई.' त्याच्या आदी मी दोनदा फोन लावला व्हता कंपनीत, सासू आजारी पडल्याली तवा. कोन बोलतंय, काय काम हाय, आसंच. ताई कुनी म्हणलं न्हाई कदी. मी मनात म्हणलं, आज कंपनी मला ताई म्हणती, म्हंजी काय तरी लय वंगाळ झालंय. चूल तशीच सोडली बगा. दुधाच्या टेम्पोत बसले, पयलं कंपनीच्या गेटावर, तितनं दवाखान्यात."

"मग?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"शुद्धीत व्हते. वळखलं मला. पोराचं नाव घेतलं. पानी मागितलं, मी माज्या हातानं पाजलं. दिस मावळायला गेले." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "हितं बसून ऱ्हायले आसते, तर त्ये बी गावलं नसतं."

"मी ताई म्हणले?" बाई म्हणाल्या.

"व्हय."

"न्हाई हो. कंपनीत ताई-माई म्हणायला बंदी व्हती. ऑपरेटरनं नातं लावायचं न्हाई, पयला नियम. तीस वर्सांत मी कुनाला…" त्या माझ्याकडं वळल्या, जणू मी तेव्हा तिथं हजर होते. "मी ताई म्हणले आसंन?"

"मी ऐकलंय की," मावशी म्हणाल्या. "मला इचारा."

बाई उंबऱ्यावर खाली बसल्या. रडल्या नाहीत. दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिल्या, लांबून चालत आलेल्या माणसासारख्या. मग त्यांना हसू फुटलं. "इतका आवाज कमावला," त्या म्हणाल्या, "आन ऐन टायमाला फुटला." मावशींनाही हसू आलं, डोळे पुसता पुसता.

"तुमचं नाव काय पर?" मावशींनी विचारलं. "इतकी वर्सं मी 'ती फोनवाली बाय' म्हणती. नाव इचारायचं ऱ्हायलंच."

बाईंनी नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग माहेरचं आणि सासरचं आडनाव, मग गाव. मावशींनी ते एकदा म्हणून पाहिलं, चुकलं. बाईंनी दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं.

"आता जेवूनच जावा," मावशी सूप उचलत म्हणाल्या. "भात टाकती."

तेव्हा कुठं बाईंनी चपला काढल्या आणि आत गेल्या.